लाल ठिपक्यांच्या मागे



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण भूगोल आणि दूरसंवेदन शिकून बाहेर पडताय, म्हणून कामाचंच बोलतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या नकाशावरचे, उपग्रहानं टिपलेल्या आगींचे लाल ठिपके जगभर फिरले. ‘पृथ्वीची फुप्फुसं पेटली’ असे मथळे आले. काडी लावणाऱ्याचा मात्र त्यांत पत्ता नव्हता.

सह्याद्रीत उन्हाळ्यात वाळलं गवत भडकतं, तसं वर्षावनाचं होत नाही. तिथं पाचोळासुद्धा ओला, आणि वीज कोसळते ती बहुधा पाऊस घेऊनच. ते जंगल जाळायचं तर आधी वाळवावं लागतं. दोन बुलडोझरांमध्ये जाड साखळी ताणून झाडं आडवी करतात, नाहीतर यांत्रिक करवतीनं पाडतात. काही आठवडे, महिने ती उन्हात पडू देतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पेटवतात. मग राखेत गवताचं बी, त्यावर गुरं. सरकारी जमिनीवर गुरं चरू लागली की मालकी सांगायला बरं! ब्राझीलच्या पारा राज्यातल्या नोवो प्रोग्रेसो भागात तर त्या वर्षी १० ऑगस्टला ‘आगीचा दिवस’ ठरवून पाळला गेला. स्थानिक वृत्तपत्रानं त्याची बातमी आधीच छापली होती. म्हणून ठिपका दिसला की जंगलतोडीचा नकाशा शेजारी ठेवून बघा. पुष्कळदा तो ठिपका म्हणजे झालेल्या तोडीची पावती असते.

ही तोड मोजणाऱ्या ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेचे तेव्हा प्रमुख होते रिकार्डो गाल्वाओ. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी संस्थेचे आकडे खोटे ठरवले. गाल्वाओंनी जाहीर उत्तर दिलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच त्यांचं पद गेलं. पुढे त्या वर्षाच्या तोडीचा पक्का आकडा आला: सुमारे १०,१०० चौरस किलोमीटर, २००८ नंतर तोवरचा सर्वांत मोठा.

इथवर हिशेब सरळ होता: तोडीमागून आग. २०२४ मध्ये तो बिघडला. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधली तोड सुमारे ६,३०० चौरस किलोमीटरवर उतरली, पण आगी वाढल्या. दुष्काळ भयंकर होता, आणि जुन्या तोडीनं उघड्या पडलेल्या कडांतून ऊन-वारा आत शिरला होता. कुरणातली आग तिथून उभ्या जंगलात जाते. ज्वाळ जेमतेम गुडघ्याएवढी, सरकते माणसाच्या चालीपेक्षा हळू. पण या झाडांची साल पातळ. कित्येक झाडं पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मरतात, वरचं छत फाटतं आणि दुसरी आग जास्त भडकते. त्या वर्षी जगाच्या उष्ण कटिबंधात ६७ लाख हेक्टर मूळ जंगल गेलं, त्यातलं जवळजवळ निम्मं आगीनं.

छताखालची ही आग उपग्रहाला अनेकदा दिसत नाही, आणि तोडीचा वार्षिक आकडा प्रामुख्यानं साफ कापलेलं जंगल मोजतो. जळून उभ्या राहिलेल्या जंगलाचा हिशेब लावायला आत जाऊन झाडंही तपासावी लागतात. कुणाला या कामात पडायचं असेल, तर पोर्तुगीज शिकायला लागा. गोव्याहून आलेल्यांनी आजीला विचारून बघावं.