कोठा कुठे बांधायचा?



धानाच्या या जिल्ह्यात कापूस-ज्वारीवाले आपण थोडे. तळ्याचे, कालव्याचे पाणी आपल्या वावरात येत नाही. आपले भांडवल म्हणजे बैलजोडी, एखादी गाय आणि उकिरडा. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी 5 टन शेणखत घाला, असे आम्ही शेतकीवाले सांगत आलो. ते निघायचे कोठ्यातून, आणि कोठाच कुठे बांधायचा हा आज प्रश्न आहे.

जुन्या गावठाणात तो कधी पडला नाही. पुढे घर, मागे सांदवाडी. तिथेच कोठा, कडब्याची गंजी, खताचा खड्डा. 1988 साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे पवनी तालुक्यातली गावे उठली आणि माणसे सरळ रेषेत आखलेल्या भूखंडांवर आली. राज्याच्या पुनर्वसन कायद्याचे माप असे: पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला 370 चौरस मीटर, बिगरशेतकऱ्याला 185. भूमिहीनाकडे गाय-शेळ्या नसतात असे का समजायचे? घर, न्हाणी, संडास झाले, पोरांचे वेगळे चूलखंड झाले, की जनावर येते रस्त्यावर. मग शेजाऱ्याची कुरकुर, मग ग्रामपंचायतीत तक्रार. नकाशा काढणाऱ्याने माणसे मोजली, ढोरे मोजलीच नाहीत.

2013 चा केंद्राचा भूसंपादन कायदा याबाबत थोडा शहाणा आहे. नव्या वसाहतीत जनावरांना प्यायचे पाणी आणि चराई हवी, असे त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत लिहिले आहे. दुसरीत जनावरे असलेल्या कुटुंबाला कोठ्यासाठी किमान 25,000 रुपये आहेत. पैसे दिले, जागेचे नाव नाही!

वावरात बांधा, असे साहेब सांगतात. कायद्याने ते खरे आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेत गुरांचा निवारा ही शेतघराच्या व्याख्येतच येते. त्याला अकृषक परवानगी लागत नाही. मात्र शहरालगत किंवा प्रादेशिक योजनेच्या हद्दीत वावर असेल, तर आधी तहसीलमध्ये विचारून घ्या. पण उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलाकडेला ज्याचे वावर आहे, त्याने रात्री बैल वाघाच्या भरवशावर सोडायचे काय? आणि पहाटे शेण काढायला, दूध काढायला अंधारात जाणार कोण? घरची बाईच ना?

गायरानावर मात्र कोणी पक्का कोठा घालू नका. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यामागून राज्याचा आदेश आला. ते अतिक्रमण ठरते, आणि उठवताना पहिला गरिबाचाच कोठा उठतो.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक पुनर्वसित गावठाणाच्या कडेला, घरापासून हाकेच्या अंतरावर, कोठ्यांची वेगळी ओळ आखा. तिथे पाण्याचे टाके, खताचे खड्डे, दिवा द्या. जमीन सरकारची नसेल तर विकत घ्या, धरणाला घेतलीच होती. येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या, घरवार जनावरांची यादी त्याला जोडा, आणि गावठाणाच्या मंजूर नकाशाची नक्कल घेऊन तालुक्याच्या बैठकीला या.