पाण्याचा ताण आणि पानातला ऑक्सिजन



पॅराक्वाट हे तणनाशक फवारल्यावर तण किती लवकर करपतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. कडक उन्हात काही तासांतच पान मलूल होतं. संध्याकाळी फवारलं तर रात्रभर फारसं काही दिसत नाही. ऊन वर आलं की करपणं सुरू होतं. या विषाला पान जाळायला ऊन लागतं. (माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हेही इथंच सांगून ठेवतो.)

हरितलवकात प्रकाशामुळे जे इलेक्ट्रॉन सुटतात, ते एरवी कार्बन डायऑक्साइडची साखर करण्याच्या कामी येतात. पॅराक्वाट ते मधल्यामध्ये पळवून ऑक्सिजनला देतं आणि त्यातून सुपरऑक्साइड हा दाहक रेणू तयार होतो.

आता ऑगस्टात पावसानं दडी मारलेलं सोयाबीनचं रान डोळ्यांपुढे आणा. ओल तुटली की पाणी वाचवण्यासाठी पान आपली रंध्रं मिटून घेतं. त्यानं कार्बन डायऑक्साइडचीही वाट अडते. ऊन मात्र पडतच असतं, इलेक्ट्रॉन सुटतच असतात. साखरेचं काम मंदावलं की त्यातले काही ऑक्सिजनकडे वळतात. पुन्हा तोच सुपरऑक्साइड, फक्त सावकाश. दुष्काळात पीक तहानेनं सुकतं हे खरं. पण अंगावर पडणारा प्रकाश त्याला पेलत नाही, हेही तितकंच खरं.

यावर झाडाकडे उपाय आहे. 1969 साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवून दिलं, की रक्तातलं एक तांबेयुक्त प्रथिन सुपरऑक्साइडचा निकाल लावतं. हे प्रथिन आधीपासून माहीत होतं, त्याचं काम कुणाला ठाऊक नव्हतं. तेच सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. वनस्पतींतही ते आहे. पण त्याच्या कामातून हायड्रोजन पेरॉक्साइड उरतो, तोही घातकच. पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज हे विकर पेशीत दुसरीकडे, पेरॉक्सिझोममध्ये असतं. हरितलवकात ते काम अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज करतं, क जीवनसत्त्व खर्चून. खर्चलेलं जीवनसत्त्व पुन्हा घडवणारी विकरं वेगळी. जपानच्या कोझी आसादा यांनी ही साखळी उलगडण्यात मोठा वाटा उचलला.

साखळी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. 1990 मध्ये तंबाखूच्या हरितलवकात डिस्म्युटेज वाढवून पाहिलं, तरी झाडं अधिक सोशिक झाली नाहीत. 1993 मध्ये वाटाण्यातलं डिस्म्युटेजचं जनुक घातलेली तंबाखू मात्र टिकली. तपासलं तेव्हा तिच्यात अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजही वाढलेलं आढळलं. एक कडी बळकट करून भागत नाही. शिवाय थोडा पेरॉक्साइड झाडाला हवाच असतो, कारण ताण आल्याची वर्दी पेशीला त्यातूनही मिळते. म्हणून एखाद्या वाणात विकरांची क्रिया जास्त मोजली गेली, एवढ्यावरून तो वाण सोशिक ठरवू नये. जास्त होरपळलेल्या झाडातही ती वाढलेली दिसू शकते. निर्णय रानातल्या दाण्यावरच करावा, असं माझं ठाम मत आहे.

शेतकऱ्याच्या हाती यातलं काय आहे? ही विकरं धातूंवाचून चालत नाहीत. डिस्म्युटेजला जस्त-तांबं, मँगनीज किंवा लोह लागतं. कॅटालेजला आणि अॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजला लोह. जस्ताची कमतरता असलेल्या घेवड्यावर मार्शनर आणि चाकमाक यांनी 1989 मध्ये प्रयोग केला. पानाचा उन्हातला भाग पिवळा पडला, त्याच पानाचा झाकलेला भाग हिरवा राहिला. कमतरता दोन्हीकडे सारखीच होती, फरक प्रकाशाचा होता. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत तर जस्त आणि लोह असूनही मुळांना सहजी मिळत नाहीत.

पावसाच्या खंडात ‘ताण सहन करणारं टॉनिक’ म्हणून महागड्या बाटल्या घेण्याआधी एवढं करा. मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश यांच्याबरोबर जस्त, लोह, तांबं, मँगनीज यांचेही आकडे असतात. ते वाचा, समजले नाहीत तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा आणि जस्त कमी असेल तर शिफारशीइतकं झिंक सल्फेट पेरणीच्या वेळीच जमिनीत द्या.