पणजीचेही गाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरची मंडळी घेऊन पूर्वजांचे गाव पाहावयास जायचे तर तयारी कशी करावी, यावर दोन शब्द बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही विदुषी नव्हे. पण येत्या डिसेंबरात, मुलांच्या शाळा सुटल्या की, आम्ही नऊ माणसे कोकणात जाणार आहोत. तेव्हा वर्षभर जे केले तेच सांगते.

१८३४ पासून १९२० पर्यंत आपल्या या मॉरिशस बेटावर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर आले. त्यांत आपली कोकणची माणसे मुंबई बंदरातून आली. येथे उतरलेल्या प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव व जहाज लिहीत. ती बाडे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. म्हणून विमानाच्या तिकिटाआधी हा क्रमांक शोधावा. जन्माचे, लग्नाचे दाखले काढीत एकेक पिढी मागे जावे. जुन्या दाखल्यावर तो बहुधा सापडतो. आडनावाच्या भरवशावर मात्र राहू नये. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले, आणि पुष्कळ घरांत पूर्वजाचे नुसते नावच आज आडनाव होऊन बसले आहे.

आमच्या घरी सारी चर्चा पणजोबांच्या गावाची चालली होती. सासूबाई एका बाजूला वाटाणे सोलीत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आणि ती? ती काय समुद्रातून वर आली?" पणजीचे नाव कोणालाच सांगता येईना. पण भगिनींनो, बायकांनाही स्वतंत्र क्रमांक असे. तिचा सापडला. नाव मिळाले, बापाचे नाव मिळाले. वय वर्षे एकोणीस. जहाज निराळे, गावही निराळे! पणजोबा गुहागरकडचे, तर ती मालवणकडची. म्हणजे संसार जुळला तो येथे, उसाच्या मळ्यात.

एक चुलत जाऊबाई म्हणाल्या, "कशाला उकरता? जात भलतीच निघाली तर पोरींच्या लग्नात बोलणी खावी लागतील." सासूबाईंनी उत्तर दिले, "ऊस तोडताना कोणी तिला जात पुसली नाही. आता तिचेच नाव घ्यायला आपण लाजायचे?" त्यावर कोणी बोलले नाही.

आता व्यवहाराचे. दोन्ही नोंदींत जिल्हा रत्नागिरी आहे. परंतु १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मालवण त्यात गेले. तेव्हा चौकशी करताना तालुका सांगावा. मुंबईहून कोकण रेल्वेने गुहागरसाठी चिपळूणला उतरावे, मालवणसाठी कुडाळला. गणपतीत गावची घरे भरलेली असतात खरी, पण गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, शिवाय पाऊस. मुलांना क्रेओलच सोपी. त्यांच्याकडून चार मराठी वाक्ये आधी घटवून घ्यावीत.

गावात पाऊल टाकताच, "आम्ही जमीन मागायला आलो नाही," हे सांगून टाकावे. मग माणसे मोकळेपणाने बोलतात. आधी ग्रामदेवतेच्या देवळात जावे. रक्ताचे नातलग भेटतीलच असे नाही, आणि न भेटले तर हिरमुसू नये. आम्ही मालवणकडच्या त्या देवीची ओटी भरणार आहोत. एकोणीस वर्षांची पोर निघून आली, तिला पुन्हा माहेर दिसले नाही. तिच्या वाटचे माहेरपण तेवढे करून येऊ.

प्रवास सर्वांना जमेल असे नाही; खर्च मोठा आहे. पण मोका काही दूर नाही. पुढच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या घरच्या पणजीचे नाव येथे उभे राहून सांगावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.