घरातले तीन सेकंद
(वसंत व्याख्यानमालेत कर्जत येथे दिलेले व्याख्यान)

कर्जत-खालापूरच्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलं की पहिला प्रश्न उभा राहतो रेंजचा. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. पण खोपोलीहून किंवा कडावहून, शाळा सांभाळून, रोज पनवेल गाठणं बहुतेक घरांना झेपत नाही. म्हणून आज घरातल्या सरावाबद्दल बोलतो. नेमबाज त्याला ‘ड्राय’ म्हणतात. गोळी नाही, छर्रा नाही. नेम धरायचा, चाप ओढायचा, ‘टक्’ ऐकायचं. आणि त्यातही बोलायचंय ते घड्याळाबद्दल, कारण घरच्या सरावाचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

आपल्या राही सरनोबतचा प्रकार घ्या, 25 मीटर पिस्तूल. रॅपिडच्या फेरीत हात 45 अंशांत खाली धरून उभं राहायचं. सात सेकंद थांबायचं, मग हिरवा दिवा लागतो तो फक्त तीन सेकंद. तेवढ्यात हात वर, साइट (पिस्तुलावरची नेमाची खूण) जुळवणं आणि गोळी. एका मालिकेत असं पाच वेळा. 2018 मध्ये जकार्ताच्या एशियाडला राहीची थायलंडच्या नेमबाजाशी बरोबरी झाली, शूटऑफ झाला, त्यातही बरोबरी. दुसऱ्या शूटऑफमध्ये तिनं सुवर्ण घेतलं. दर गोळीला तेच तीन सेकंद. हाताला ते आधीपासून ओळखीचे नसते, तर त्या गर्दीत, त्या दडपणाखाली कुठून येणार होते?

ॲक्शन शूटिंगमध्ये घड्याळ याहून कडक. 1976 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया गावी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. त्यांचा ‘एल प्रेसिदेंते’ नावाचा सराव आजही जगभर चालतो. तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभं राहायचं, इशारा होताच वळायचं, प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचं, पुन्हा दोन-दोन. बारा गोळ्या, पूर्ण गुण 60. गुणांना सेकंदांनी भागायचं, येईल तो निकाल. 10 सेकंदांत 60 गुण घेतले तर 6. घाई करून 8 सेकंदांत उरकलं आणि गुण 46 वर आले, तर 5.75. दोन सेकंद वाचवूनही माणूस मागेच! हे गणित मुलांना वहीत स्वतः करायला लावा, सांगून पटत नाही.

आता घरी काय होतं ते पाहा. मोबाईलवर टायमर लावतात. सुरुवातीचा बीप, तीन सेकंदांनी शेवटचा. मुलगा त्या दुसऱ्या बीपशी शर्यत लावतो. बीप जवळ आला की बोट झटका देतं, उजव्या हाताच्या नेमबाजाची पुढची साइट खाली डावीकडे घसरते, आणि ‘टक्’ वेळेत झाला म्हणून पोरगा खूश! भिंतीवर भोक पडत नाही, त्यामुळे चूक दिसत नाही. महिनाभर रोज असं केलं की तो झटकाच पक्का होतो. याला मी सराव म्हणत नाही.

म्हणून आधी काही दिवस टायमर बंद. चाप सुटला त्या क्षणी साइट कुठे होती, एवढंच मोठ्यानं सांगायचं. ते खरं सांगता यायला लागलं की टायमर लावा, पण पाच सेकंदांवर. दहापैकी नऊ वेळा साइट जागच्या जागी राहिली, तरच वेळ थोडी कमी करा. घसरली की पुन्हा वाढवा. वहीत सेकंद लिहायचे नाहीत, स्वच्छ सुटलेले चाप लिहायचे. आणि वेळ टळत आली, साइट हलतेय, तर चाप न ओढता हात खाली घ्यायचा. सामन्यात ती गोळी गेली तरी चालेल. घरी जबरदस्तीनं ओढलेला चाप मात्र हाताला वाईट खोड लावून जातो.

जागा किती लागते म्हणाल, तर अडीच मीटर पुरे. 25 मीटरवरच्या रॅपिडच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ 10 सेंटिमीटरचं असतं, म्हणून भिंतीवर ते 1 सेंटिमीटरचं काढायचं. बाहेरचा काळा गोल 5 सेंटिमीटरचा.

आता पालकांना कळकळीची विनंती. आपल्याकडे बहुतेक मुलांच्या हातात एअर पिस्तूल असतं. त्याला खेळणं समजू नका. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत, कुलपात. सुरुवातीला तुम्ही आणि मुलानं, दोघांनी नळीची मागची, छर्रा भरायची बाजू उघडून आत पाहायचं. समोर पक्की भिंत हवी, दार किंवा पत्रा नको. आणि सराव संपला म्हटल्यावर ‘आणखी एकदाच’ नाही. अपघात होतात ते त्या एकदाच्या वेळीच, कारण तोवर कुणीतरी छर्रा भरून ठेवलेला असतो. आई-बाबांपैकी कुणी जवळ बसून इशारा द्यायला तयार असेल तर टायमरपेक्षा उत्तम; फक्त दोन इशाऱ्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं ठेवा. पंधरा मिनिटं, जेवणाआधी, टीव्ही बंद करून.