संततिनियमन : भार कोणावर, अधिकार कोणाचा?

आणीबाणीत, 1976 साली, पुरुषांवर नसबंदी लादली गेली. त्या जुलमाला जनतेने 1977 मध्ये मतपेटीतून उत्तर दिले. परंतु पुढे सारा भार स्त्रीदेहावर लोटला गेला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहितांमध्ये स्त्री-शस्त्रक्रियेचे प्रमाण 37.9 टक्के, पुरुष नसबंदीचे अवघे 0.3! 2014 मध्ये बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरांनंतर 13 गरीब स्त्रिया दगावल्या.

वस्तुतः पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी व निर्धोक आहे. तिने पौरुष घटत नाही. केवळ पहिले तीन महिने निरोध वापरावा लागतो. तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध या सर्वांची संपूर्ण माहिती आणि नकाराचा अधिकार यांखेरीज निवड ही निवडच नव्हे. शासनाकडे ही मागणी करताना, पुरुष साथींनो, प्रारंभ आपणापासून करू या.