बाशिंग हे बांडगूळ नव्हे



आम्ही हमालांच्या संघटनेत केस पिकविले. वनस्पतिशास्त्र शिकलो ते कुणा शाळेत नव्हे. तरी आज बाशिंगावर बोलण्याचे कारण आहे. आमच्या सभांतून आयतोबाला बांडगूळ म्हणतात, ते योग्यच. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळे खुपसून त्याचा रस पिते. पण झाडावर दिसेल ते बांडगूळ, असे समजून लोक बाशिंगही कोयत्याने खरवडून टाकतात, हा मात्र अन्याय होय.

बाशिंग झाडावर राहते, झाडाचे खात नाही. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात जुन्या वृक्षांवर, क्वचित उघड्या कातळावरही ते वाढते. आता, कातळाचा रस कोण पिणार? हे नेचाच्या जातीचे, म्हणून त्याला फूल नाही, बी नाही. त्याची पाने दोन तऱ्हेची. लांब हिरवी पाने पावसाळ्यात डोलतात, त्यांच्या पाठीवर बीजुकांचे तपकिरी ठिपके येतात. दुसरी आखूड, लवकरच कागदासारखी वाळणारी. ती गळत नाहीत, खोडाला टोपलीसारखी चिकटून पालापाचोळा नि पाणी धरतात. त्याच कुजलेल्या पाल्यावर हा गडी जगतो. आज उन्हाळ्यात पाहाल तर मेल्यासारखा दिसेल, मेलेला नसतो. लिनिअसने १७५३ साली त्याला ओकच्या पानांवरून नाव दिले. आमच्या लोकांना त्यात नवरदेवाचे बाशिंग दिसले. आम्हांस हेच अधिक शोभते.

वैद्य याला अश्वकत्री म्हणतात. त्याचा जाड, केसाळ कंद ताप, खोकला, अपचन यांवर देण्याची रीत आहे. सुजेवर व मुक्या मारावर तो वाटून लावतात. चीनमध्ये याच्याच एका भाऊबंदाचे नाव ‘मोडले हाड सांधणारा’ अशा अर्थाचे आहे. प्रयोगशाळांतून सूज उतरविण्याचे काही गुण आढळले आहेत, पण माणसांवरील पुरेशी परीक्षा झालेली नाही. तेव्हा पोते पडून हमालाचा पाय मोडला, तर आधी इस्पितळ गाठावे, लेप मागाहून.

खरा प्रश्न कंद काढण्याचा आहे. औषध कंदातच, आणि झाडाचा जीवही कंदातच. सबंध ओरबाडला, की ती फांदी कायमची रिकामी. कोंब असलेला तुकडा जागेवर ठेवला, तर पुढल्या पावसात पुन्हा पाने फुटतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वनात राहणाऱ्या पात्र लोकांना दिली आहे. किती काढावे नि किती ठेवावे, हे व्यापाऱ्याने नव्हे, त्यांच्या ग्रामसभेने ठरवावे.