न विचारलेला प्रश्न



गर्भवतीचे वजन, रक्तदाब, नाडी यांची नोंद परिचारिका नित्यनेमाने करते. पतिपत्नींच्या शरीरसंबंधाविषयीचा प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. न विचारण्याची किंमत कोण मोजते, हे पाहण्यासारखे आहे.

निरोगी गर्भारपणात संबंध सामान्यतः अपायकारक नसतो. गर्भ पाणमोटीत सुरक्षित असतो आणि गर्भाशयाचे मुख चिकट स्रावाने बंद झालेले असते. परंतु वार त्या मुखावर आली असेल, रक्तस्राव होत असेल, पाणमोट फुटली असेल किंवा अकाली प्रसूतीची चिन्हे असतील, तर संबंध टाळलाच पाहिजे. संबंधानंतर दिसलेले रक्त लाजेपायी दडवणे जिवावर बेतू शकते. उपदंशासारखा रोग आईकडून गर्भाला होतो. वेळेवर रक्त तपासून पेनिसिलिन दिल्यास तो टळतो.

मग विचारावे कसे? जॅक अ‍ॅनन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली चार पायऱ्या सांगितल्या : बोलण्याची मोकळीक, मोजकी माहिती, नेमक्या सूचना आणि सखोल उपचार. पहिल्या दोन कोणत्याही परिचारिकेच्या आवाक्यातल्या आहेत. ‘या दिवसांत पुष्कळ जणींना संबंधाविषयी शंका असतात, तुम्हांला काही विचारायचे आहे का?’ एवढ्यानेही दार उघडते. संबंध तिच्या इच्छेने होतो का, घरी भीती वा मारहाण आहे का, हेही एकांतातच विचारावे.

बंगळूरसारख्या शहरात अडचण दुहेरी आहे. इथे कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा अनेक भाषा बोलणाऱ्या स्त्रिया एकाच रांगेत बसतात. मराठी स्त्री ‘अंगावर पांढरे जाते’ म्हणते; कन्नड स्त्री त्यालाच ‘बिळी सेरगु’, म्हणजे पांढरा पदर, म्हणते. आणि मराठीत ‘पदर येणे’ म्हणजे मुलगी ऋतुमती होणे! शब्दशः भाषांतर करणारा येथे हमखास फसेल. सासूला दुभाषी केले, तर प्रश्नही अर्धा पोहोचतो आणि उत्तरही. म्हणून दुभाषी घरचा नसावा आणि परिचारिकेने त्या त्या भाषेतले घरगुती शब्द शिकून घ्यावेत.

ज्या म्हैसूर संस्थानात हे शहर होते, त्याच्या सरकारने १९३० सालीच संततिनियमनाची केंद्रे उघडली. मुंबईत र. धों. कर्व्यांनी त्याआधी, १९२१ मध्ये, असे केंद्र काढले होते. जे त्या काळी उघडपणे बोलता आले, ते आज तपासणीच्या खोलीत, हलक्या आवाजात, विचारता येऊ नये काय?